डावी सीट

४ मार्च
गाडी आली! नांदेडच्या लिलावात मिळाली. हप्ते थकलेल्यांच्या ओढून आणलेल्या गाड्या तिथे रांगेत उभ्या होत्या. इंजिन चालू करून दाखवतात, फिरवून बघू देत नाहीत. म्हणजे फोटोवरून मुलगी पसंत करायची. या पांढऱ्या गाडीवर दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही आणि मी शहाणी, आपल्या नशिबावर खूश.

पोस्टातल्या नोकरीसाठी हदगाव सोडून उदगीरला आलो, त्याला महिना झाला. आम्ही दोघीच, मी आणि माय. मायच्या किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिस. एसटीतून परतताना तिची मान लोळायची, ते बघवत नव्हतं. आता राणीसारखी पुढे बसेल.

७ मार्च
पहिली फेरी. डाव्या सीटवर टेकताच माय म्हणाली, लई आराम वाटून राहिला, कुणाच्या मांडीवर बसल्यावानी. मी हसले. तिला दवाखान्यात उतरवलं, तर रिकाम्या सीटच्या पट्ट्याची टुणटुण सुरू. जुन्या गाडीला म्हातारचळ लागायचाच. रिकाम्या सीटला पट्टा लावला, आवाज थांबला.

१९ मार्च
डायलिसिसच्या सिंधू सिस्टर रागावल्या. दोन फेऱ्यांमध्ये मायचं वजन तीन किलो वाढलं, म्हणजे तेवढं पाणी अंगात साठलं. मोजून प्यायचं, नाहीतर फुप्फुसात उतरेल, असं बजावलं. माठाला कुलूप लावायचंच मी बाकी ठेवलंय! मग आठवलं, गाडीतली माझी बाटली दर फेरीला रिकामी सापडते. मायला विचारलं. म्या न्हाई पेलं, म्हणाली. मी तिला खोटारडी म्हणाले. आजारी आईला.

२ एप्रिल
आज गाडीत माय डोळे मिटून सारखी दोनच शब्द बोलत होती, नीरु कोडु. तिला कन्नडचं अक्षर येत नाही. आमच्या पोस्टातल्या चन्नबसप्पांनी अर्थ सांगितला, पाणी दे.

९ एप्रिल
गाडीच्या कप्प्यात सर्व्हिसिंगची जुनी पावती सापडली. त्यावर आधीच्या मालकाचा नंबर. मल्लिनाथ, निलंग्याचा. फोन लावला, तर गाडीचं नाव काढताच रडायला लागला. त्याची आई कमलम्मा, तिलाही हाच आजार. लातूरच्या वाटेवर ती पाणी मागत राहिली आणि हा, डॉक्टरांचं ऐकून, पोचल्यावर देतो म्हणत राहिला. डाव्या सीटवरच गेली. त्यांच्यात, लिंगायतांत, मेलेल्याला बसवूनच पुरतात. पट्टा न काढता तशीच गावी नेली. पुढे हप्ते मुद्दाम भरले नाहीत, गाडी कुणीतरी ओढून न्यावी म्हणून. शेवटी म्हणाला, ताई, दोन घोट दिले असते तर काय बिघडलं असतं?

१४ एप्रिल
जयंती. चौकात सरबत वाटत होते. मायने ग्लास हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती खोटं बोलत नव्हती.

१६ एप्रिल
गाडी विकायला काढली. आज एसटीने निघालो, मायला स्टँडवरच भोवळ आली. पुन्हा गाडीच. तिला मागे बसवलं — मी डिझेल भरून आले तर ही पुढे, पट्टा लावून. पाणी ठेवतच नाही आता. तरी तिचे ओठ ओले. वजन वाढलेलंच.

१८ एप्रिल, दुपार
नळेगावच्या अलीकडे गाडी बंद पडली. पुढच्या सीटवर मायचा श्वास घुरघुरतोय. अँब्युलन्स निघाली म्हणतात — अर्धा तास. लिहितेय, नाहीतर किंचाळेन. शेतातल्या एका बाईने तांब्याभर पाणी आणून दिलं.

माय मागतेय. पाणी दे गं पोरी. मग कन्नडमध्ये. एकाच तोंडातून —

दिलं तर मीच तिचा जीव घेईन. नाही दिलं तर मल्लिनाथसारखी जन्मभर —

म्हणाले, कमलम्मा, तुम्ही प्या, पण माझ्या मायला सोडा. तांब्या तोंडाला लावला.

घटाघटा. सगळा. श्वास शांत झाला. हसली. माझ्या गालावरून हात फिरवला, मला मल्लिनाथ म्हणाली —

ही माय नाही. माझी माय कुठं —

मागच्या सीटची टुणटुण. मागे कुणी नाही. फक्त आवाज, हदगावचा, अगदी हळू — पोरी, म्या न्हाई पेलं गं, मला बी दे —

तांब्यात थेंब नाही. माय, थांब, आणते, मी आत्ता