हाकेमागे पळणाऱ्या पेशी

सोमवार, ३ मार्च

ताईच्या मानेतल्या गाठीचा तुकडा आज इस्पितळातल्या आमच्या प्रयोगशाळेत आला. सर म्हणाले, सख्ख्या बहिणीचा नमुना तू हाताळायचा नाहीस. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या चष्मिषकडे दिला. ती हाताने सावकाश आहे, पण चोख. मी नुसती आसपास घुटमळत राहिले.

गुरुवार, ६ मार्च

ताईला नीट समजावून सांगितलं. लिम्फोमाच्या, म्हणजे गाठींच्या कॅन्सरच्या, पेशी उगाच भटकत नाहीत. दुसऱ्या गाठी, हाडांतला मगज— तिथल्या चांगल्या पेशी एक रसायन सोडतात. तीच हाक. ती ऐकून या निघतात. आमचं औषध यांचे कान बंद करतं. ताईच्या पेशींचे केले, तर औषधाच्या चाचणीत ताईला घेतील.

ताई शाळेत खेळ शिकवते. आयुष्यभर पोरांना शिट्टीवर पळवलंय. ऐकून म्हणाली, "म्हणजे माझंच शरीर त्यांना बोलावतंय?"

हो म्हणाले. खोटं काय सांगू!

मंगळवार, ११ मार्च

वर पेशी, मध्ये बारीक भोकांची जाळी, खाली गाठीतला द्रव— हाक तिथून येते. औषध घातलं की इतरांच्या पेशी वरच बसून राहतात. ताईच्या खाली उतरल्या. औषध घालूनही! चष्मिषला पुन्हा करायला लावलं. तेच.

चाचणीत घेता येणार नाही, सर म्हणाले. माझ्याकडे न बघता.

बुधवार, १२ मार्च

सांगायला गेले. भावोजींनी दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता चहा ठेवायला गेले.

ताई म्हणाली, "पळाल्या ना? माझ्याच आहेत, पळणारच."

दोघी हसलो. मग तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी पाठीवर हात ठेवला. हाडं लागतात हाताला.

रविवार, ३० मार्च

मगजात पोचल्या. नेहमीची औषधं चालू आहेत— पालथ्या घड्यावर पाणी. भावोजी चमच्याने पेज भरवतात. ती त्यांच्यासाठी गिळते.

शनिवार, १९ एप्रिल

ताई गेली.

सोमवार, ५ मे

कामावर रुजू झाले. चष्मिष नजर टाळतेय.

मंगळवार, ६ मे

चष्मिषने दार लावून घेतलं आणि सांगितलं. उरलेल्या पेशी तिने तपासल्या. ताईच्या पेशी दुसऱ्याच रसायनाच्या हाकेला ओ देत होत्या. ती हाक अडवणारं औषध आहे. गेल्या वर्षापासून रुग्णांना देतायत— आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर.