भेटींचे गुण

४ जून

चि. टिकलीस,
अ. उ. आ.

आमच्या बालसुरक्षा कार्यालयातल्या नव्या प्रोग्रॅमची तपासणी नेमकी तुझ्याकडे आली, हे वाचून हसू आलं. आता तरी ताईच्या तक्रारी ऐकशील! मुलाला घरात किती धोका आहे, त्याचे तो शंभरपैकी गुण देतो. सत्तरच्या वर गेले की मूल घरातून हलवायचं.

माझ्याकडच्या प्रकरणांत एक लॉन्ड्रीवाली आहे, तिच्या घराचे गुण सत्तरच्या वर गेले आहेत. नवरा निघून गेलेला, खोली एकच, पण पोर हसरी, आईला चिकटलेली. दर आठवड्याला मी वाट वाकडी करून डोकावते आणि ती मला तिचे दात मोजायला लावते. साहेब म्हणतात, सोमवारी तिला हलवा. मला काही सुचत नाही. तुझं डोकं चालव, आणि नुसत्या चहावर राहू नकोस.

माया आहेच, तुझीही राहू दे.
ताई

७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चहावरच आहे, रागावू नकोस. प्रोग्रॅम जुन्या प्रकरणांवर ताडून पाहिला. पुष्कळदा तो बरोबर निघाला, उगाच शिव्या घालण्यात अर्थ नाही. पण लॉन्ड्रीवालीचे गुण का चढले ते पाहिलं आणि पुन्हा एकदा तपासलं. पूर्वी तक्रारीशिवाय कुणी घरी जात नसे, म्हणून तो प्रत्येक भेट धोक्याची खूण धरतो. तू मायेनं गेलीस आणि दर भेट इमानदारीनं नोंदवलीस. तुझ्या भेटी वगळल्या तर गुण चाळीसवर येतात.

तुमच्या साहेबांना कळवलं. माझा अहवाल मंजूर होईपर्यंत प्रोग्रॅमचंच खरं, असं ते म्हणाले. त्याविरुद्ध जायचं तर घर पाहिलेल्या माणसानं स्वतःच्या सहीवर जबाबदारी घ्यायची. ताई, करशील सही? आकडे मी देईन, पण त्या खोलीत मी कधी गेलेले नाही.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
टिकली

१९ जून

चि. टिकलीस,
अ. उ. आ.

सही केली. पोर आईजवळ आहे. माझ्या जिवाला मात्र घोर लागलाय. खरंच काही झालं तर? एकदा डोळ्यांनी बघून यावं म्हटलं तर तीही सोय नाही, भेट नोंदवली की गुण चढून प्रकरण पुन्हा वर येणार. बरोबरचे म्हणतात, न नोंदवता जाऊन या. लपूनछपून जाणं मला जमायचं नाही.

काल रस्त्यात मायलेकी दिसल्या. पोरीनं पलीकडूनच तोंड उघडून नवा दात दाखवला आणि मी रुसले का, असं ओरडून विचारलं. मी नुसता हात हलवला आणि पुढे गेले. फार वाईट वाटलं गं.

अहवालाचं लवकर बघ. तुझ्या ताईवर असाच जीव असू दे.
ताई

ता. क. दात खालचा आहे. वरचे मोजायचे राहिलेत.