आधी दोघांना अंगावर येऊ दे

प्रिय सखाराम,

तू जाऊन दोन महिने झाले. आज लिहायला बसलोय ते आपलं भांडण मिटवायला. तू जिंकलास, बाबा!

नाशिककडे निघालेल्या गोऱ्या पलटणीने काल आपल्या पेठेच्या माळावर तळ दिला. मी दुकानातून शिधा पोचवायला गेलो होतो. संध्याकाळी त्यांनी फुटबॉल काढला आणि मी तिथेच खिळून राहिलो.

आपण लहान असताना येणारे गोरे कसे खेळायचे, आठवतं? ज्याच्या पायाशी चेंडू, तो एकटाच मुसंडी मारायचा. तू तेच उचललंस. मग गेल्या हिवाळ्यात स्कॉटलंडवाले आले. चेंडू पायाशी ठेवीचनात, याच्याकडून त्याच्याकडे नुसता पास! याच खेळाने त्यांनी इंग्लंडला नमवलं म्हणे, मग इंग्लंडवालेही तेच शिकले. झालं, मला वेड लागलं.

"दे की रे चेंडू! तुझा खेळ जुना झाला, सख्या," मी सगळ्यांदेखत ओरडलो.

तू हसलास. "आरं शेट, आदी दोगं माज्या अंगावर येऊ दे. तू मोकळा झालास की देतो की!"

मी तुला अडाणी म्हणालो. तुला!

काल ही नवी पलटण नेमकं तेच करत होती. एकाने पळायचं, दोघांना अंगावर घ्यायचं, मग मोकळ्या गड्याला चेंडू. तुला हे कुणी शिकवलं होतं? आणि आता मी हे सांगू कुणाला?

प्लेग आला तेव्हा तुम्ही रानात झोपड्या घातल्या, आम्ही निमगाव सावा गावी पळालो. तुझे आबा तिथवर पायपीट करत आले. लांबूनच म्हणाले, "सख्या तुजं नाव घेतोय. लई न्हाई राह्यलं आता." मी उंबऱ्याच्या आतूनच "उद्या येतो" म्हणालो. भ्यालो रे, आलोच नाही. एकट्याने खेळू नकोस, असं तुला शिकवणारा मीच ना?

आज आबांनी चेंडू आणून दिला. आम्हा जैनांच्या घरात कातडं चालत नाही, म्हणून तो कायम तुमच्या गोठ्यात असायचा. आज मी तो आत घेतला. आई माझ्याशी बोलत नाही.

आतला फुगा तूच तोंडाने फुगवायचास. दाबून पाहिला, अजून थोडी हवा आहे. ज्या श्वासाला मी भ्यालो, तोच हा. रोज थोडा कमी होणार, आणि मला काहीच करता येणार नाही.

वचन एवढंच देतो. चेंडूच्या तोंडाची दोरी मी सोडणार नाही, आणि त्यात माझी हवा भरणार नाही.

अजून मोकळाच उभा असलेला,
तुझा मोतीलाल