‘नाही’वर थांबलेलं मशिन

प्रिय कय्यूम,

बरा शे ना भो? तुझी सुंदरावहिनी म्हणते, अमळनेरला फोन लागतो तर पत्र कशाला लिहिता. पण फोनवर मी तब्येतीचं काढलं की तू चादरीचं काढतोस, आणि डॉक्टरांचं नाव घेतलं की तुझ्याकडची रेंज जाते. कागदाची जात नाही. तेव्हा हे शेवटपर्यंत वाच.

तुझ्या मशिदीची चादर झाली. अंत्ययात्रेत जनाज्यावर घालायची म्हणून हिरवी मखमल मी स्वतः निवडली. दुकानदाराने आधी दिलेली उन्हात पोपटी दिसत होती, ती त्याला परत केली. वर सोनेरी दोऱ्याने कलमा. इमामसाहेबांनी कागदावर लिहून दिलेलं अक्षर कॉम्प्युटरवर जसंच्या तसं उतरवलं, एक वळण इकडचं तिकडे नाही. पंचिंग, म्हणजे भरतकामाच्या मशिनने कुठला टाका कधी घालायचा ते ठरवणं, मला कुणी शिकवलेलं नाही हे तुला माहीत आहे. लूमवर आपण शेजारी होतो तेव्हा तूच हसायचास, "दहावी नापास माणूस कॉम्प्युटरला बोट लावणार?" आज सुरतच्या लिंबायतमध्ये अवघड डिझाइन आलं की लोक माझं नाव सांगतात. खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटतं.

पण जे मला कळत नाही ते मी मशिनवर चढवत नाही. म्हणून तुला फोनवर एकेक शब्द विचारला. ला इलाह इल्लल्लाह, मुहम्मदुर रसूलुल्लाह. अल्लाहशिवाय दुसरा कुणी ईश्वर नाही, मुहम्मद अल्लाहचे पैगंबर आहेत. तू म्हणालास, हे मनापासून मानलं आणि तोंडाने म्हटलं की माणूस मुसलमान. बाळाच्या कानात अजान देतात त्यातही हीच साक्ष, आणि जाताना ओठांवरही हीच असावी. त्या दिवशी तू किती तरी वेळ बोललास आणि तुला धाप लागली नाही, हे माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, एवढ्या मोठ्या गोष्टीची सुरुवात ‘ला’ने, म्हणजे ‘नाही’ने का? तू म्हणालास, "अरे लूमवाल्या, सूत संपलेला जुना बीम उतरवल्याशिवाय नवा चढतो का?" पटलं. आपल्या धंद्यातलं उदाहरण दिलंस म्हणून लवकर पटलं.

आता माझी फजिती ऐक. वाचतात त्याच क्रमाने, उजवीकडून डावीकडे, टाके लावले आणि नमुन्याच्या कापडावर मशिन सुरू केलं. ‘ला इलाह’ झालं आणि लाइट गेली. आमचा कारीगर कुंदन चहाला निघाला. तेवढ्यात धागे कापणाऱ्या खैरूनखाला आत आल्या. फ्रेमकडे बघितलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. "अरे भाई, हे काय लिहून ठेवलंस? कुणी ईश्वरच नाही?" मी म्हटलं, खाला, लाइट आली की पुढचं होईल. "आणि तोवर? माणूस ‘नाही’वर अडखळला तर पुढचं त्याच्या मनात असतं. तुझ्या मशिनला मन आहे?" त्यांनी खुर्ची ओढली, फ्रेमपाशी बसल्या आणि लाइट येईपर्यंत पुढचे शब्द पुटपुटत राहिल्या. कुंदनने चहा तिथेच मागवला. म्हणाला, खालांना एकटं कसं सोडायचं.

मला चैन पडेना. सगळं पंचिंग मोडलं आणि नव्याने बांधलं. आता मशिन आधी अल्लाहचं नाव शिवतं, मग बाकीचं, आणि सुरुवातीचा ‘ला’ सगळ्यात शेवटी. मध्येच दोरा तुटो नाहीतर लाइट जावो, नुसतं ‘नाही’ कापडावर उरत नाही. पुरी झालेली चादर वाचणारा उजवीकडूनच वाचणार. खाला हसल्या, "शेवटाकडून कलमा शिवणारा तू पहिलाच!" मग मखमलीवरून हात फिरवला, आणि पहिल्या नमुन्याचं कापड मशिन पुसायला जाऊ नये म्हणून घडी करून घरी घेऊन गेल्या.

परवा राबियाभाभींचा फोन आला होता. चादर कधी होते म्हणून तू घाई करतोस, आणि मशिदीत तर चांगली नवी चादर आहे, असं त्या म्हणाल्या. हृदयाच्या ऑपरेशनला तू साफ नाही म्हणालास, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे ही तू कुणासाठी करून घेतलीस ते मला कळलं. कय्यूम, तुझा कलमा पुरा आहे, त्यात बोलणारा मी कोण? पण डॉक्टरांना ‘नाही’ म्हणालास आणि तिथेच मशिन बंद करून बसलास, याबद्दल मी बोलणार. चादर मी पाठवणार नाही. भाभींना घेऊन सुरतला ये, आमच्याकडे राहा, ऑपरेशन इथे करू. मग ही चादर तू स्वतःच्या खांद्यावर टाकून अमळनेरला ने आणि मशिदीत दे, म्हणजे तू मला मारलेली थापही खरी होईल. तोवर मी खुर्ची ओढून बसलो आहे. तुझं पुढचं ऐकल्याशिवाय उठत नाही.

तुझाच,
योगराज