ताई, तुझं कॉफीचं मशीन आलं

प्रिय ताई,

तुझं मशीन परवा आलं. कुरियरवाला खोकं ओट्यावर ठेवून गेला आणि मी ते उचलायच्या आत आईने आतल्या खाटेवरून विचारलं, "कोनाचं हाय रे ते?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ताईचं." सव्वीस दिवसांत तुझ्याबद्दल आईशी बोललेलं माझं ते पहिलं खरं वाक्य! ती म्हणाली, "मंग नेऊन दे नं तिले. इथं काहून ठेवलं?"

तू गेलीस हे आम्ही आईला अजून सांगितलेलं नाही, ताई. म्हणून हे पत्र लिहितोय. हे दुसऱ्या कुणापुढे बोलायची माझी हिंमत होत नाही.

आपल्या घरात कॉफी म्हणजे पाहुण्यांसाठी, तीही दुधात चमचाभर पूड घालून. चिखलदऱ्याच्या शाळेत नोकरी लागली आणि तू बिघडलीस, असं आई म्हणायची. सुट्टीत येताना तिथल्या कॉफीच्या झाडांच्या बिया पिशवीत भरून आणायचीस, तव्यावर काळ्या होईस्तोवर भाजायचीस, खलबत्त्यात कुटायचीस. घरभर धूर! बाबा ओरडायचे, "हे पोट्टी एक दिवस घर जाळते!" आणि तू त्यांच्याच हातात पहिला कप द्यायचीस. ते तोंड वाकडं करून पूर्ण प्यायचे.

गेल्या वर्षी रिटायर होऊन तू अमरावतीच्या घरी बसलीस आणि मला फोन केलास. "इलास, तू दिवसभर लोकाईचे मिक्सर अन् गिझर उघडून बसतं. मले एक कॉफीचं मशीन पाहून दे. आता निवांत पिईन." त्यानंतर पंधरा दिवसांत तुझ्या पोटात ती गाठ निघाली.

डॉक्टरांनी भाऊजींना आणि मला वेगळं बोलावून सांगितलं. खोलीतून बाहेर येताना मी भाऊजींचा हात दाबला आणि तुला म्हणालो, "साधी गाठ आहे ताई, औषधाने विरघळते." हे ठरवलं मी, भाऊजींनी नाही. आपल्याकडे आजाऱ्याला त्या रोगाचं नाव सांगत नाहीत. आत्याला सांगितलं नव्हतं, मोठ्या काकांना सांगितलं नव्हतं. मी काय वेगळं केलं, असं मी स्वतःला समजावत राहिलो. जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलेली बाई तू! तुझ्या उशीवर केसांचे पुंजके पडलेले, आणि मी तुला सांगत होतो की औषधाची गरमी पडली. आता आठवलं की मला माझीच लाज वाटते.

तू का नाही म्हणालीस, की इलास, खोटं बोलू नको? पाढा चुकला तर कान लाल करायचीस माझे!

मग आपले रविवार सुरू झाले. सकाळी सातची बस, पाठीवरच्या बॅगेत स्टीलचा फिल्टर, हाताने फिरवायचं छोटं ग्राइंडर आणि दाण्यांची एक-दोन पाकिटं. आधी दाणे ठरवू, मग मशीन, असं मीच म्हटलं होतं. तुझ्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून मी तुला शिकवत असे. पात्याचं ग्राइंडर दाणे तोडतं, आपल्याला जात्यासारखं दळणारं हवं. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर ते घ्यायचंच नाही. चिकोरी, म्हणजे ती मुळाची पूड, मिसळलेली नको. कॅप्सूलवालं मशीन नको, कॅप्सूल संपल्या की आपल्याकडे मिळायच्या नाहीत. आमच्या अकोल्याच्या खाऱ्या पाण्याने मशीनच्या नळीत पांढरा थर बसतो, तेव्हा त्या पाण्यातही टिकतं का हे पाहायला तुझं मशीन आधी मी माझ्याकडे चालवणार. तू डोळे मिटून ऐकायचीस. मध्येच म्हणायचीस, "बोल, आयकून राहिली मी."

डॉक्टरांनी अर्धा कप चालेल म्हटलं होतं. तू तो दोन्ही हातांनी धरायचीस आणि म्हणायचीस, "मस्त हाय रे. पुढच्या खेपेले जराशी कडक आन." मी जास्त भाजलेले दाणे आणले. तू म्हणालीस, अजून कडक. मी अजून काळे आणले. बसमध्ये शेजारच्या माणसाला मी सांगितलं होतं, माझ्या बहिणीला डार्क रोस्टच लागतो. केवढा अभिमान होता मला, की तुझी आवड मी बरोबर पकडली!

आणि तो एक रविवार. तुझे पाय सुजले होते. मोबाइलवर मी तुला दोन मशीन दाखवत होतो, एक मोठं आपोआप चालणारं, एक लहान हाताने चालवायचं. तू लहान मशीनवर बोट ठेवलंस. मग माझ्याकडे पाहून विचारलंस, "इलास, मले वापरायले भेटन का रे हे?"

ताई, तू दार उघडून दिलं होतंस. मी काय उत्तर दिलं? "दोन वर्षांची वॉरंटी आहे. पाण्याची टाकी एक लिटरची आहे." तू हसलीस. "मशीनची वॉरंटी सांगून राहिला बावा!" असं म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपलीस. मी तिथेच बसून ऑर्डर टाकली आणि पत्ता माझा दिला; यायला महिना लागणार होता. मला वाटलं, मशीन मागवलं म्हणजे तू राहशील. इतका येडपट माणूस आहे मी. नवव्या दिवशी भाऊजींचा फोन आला.

तेरवीला पंगत उठल्यावर भाऊजी मला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथे तुझी ती सगळी पाकिटं एका डब्यात भरून ठेवली होती, प्रत्येकातून एकाच कपापुरते दाणे गेलेले. ते म्हणाले, "इलास, तुले सांगतलंच पाहिजे. तिले चवच नोती लागत. पहिल्या सलाइनपासून. पानीबी लोखंडावानी लागे म्हने."

मी म्हणालो, "मग कडक आण म्हणायची ते?"

"कायतरी लागन अशी आस होती तिले. तू गेला का ओकून टाके. मी म्हणलं, कावून पेतं? तं म्हने, तो एवढ्या दुरून दाणे घेऊन येते." मग ते म्हणाले, "अन् रोगाचं तिले पयल्या दिवशीच माहीत झालं होतं. रिपोर्ट तिनंच वाचला. म्हने, इलासले वाटू द्या का मले माहीत नाही. त्याले तेवढाच धीर."

ताई, मी तुला दर रविवारी ओकायला लावलं. आणि दर खेपेला आधीपेक्षा कडू काहीतरी पाजून आलो. हे मी कुठे ठेवू? तू अशी कशी गं वागलीस माझ्याशी! एकदा, फक्त एकदा कप खाली ठेवून म्हणायचं होतंस, की मी मरून राहिली, जरा माझा हात धर. मी धरला असता. की नसता धरला? खरं सांगतो, मला माहीत नाही. मी कदाचित पाण्याच्या टाकीबद्दलच बोललो असतो.

आता आईचं सांगतो. तिचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच आहे, तुला माहीत आहे. तू गेलीस त्या दिवशी तुझी भावजय संगीता म्हणाली, "आईंचं हृदय कमजोर आहे, सध्या नका सांगू." मी लगेच कबूल झालो. अशा कामात मी तयार असतोच. ताईचा घसा बसला आहे, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, असं सांगितलं. तुला पोहोचवून आलो तेव्हा बाहेरच्या नळावर अंघोळ करून आत गेलो आणि आईला म्हणालो, बस खराब झाली, धुळीने भरलो.

तिला वाटतं मी अजून रविवारी तुझ्याकडे जातो. म्हणून मी सकाळी निघतो, दुकान उघडून शटर अर्धं खाली ओढतो आणि संध्याकाळपर्यंत आत बसतो. मागच्या रविवारी तिने संगीताकडून तुझ्यासाठी तिळाची चटणी करवून घेतली, खाटेवरून सांगून सांगून. तो डबा मी दुकानात उघडला. भाकरी नव्हती. नुसती चटणी खाल्ली, सगळी, कारण टाकवेना. संध्याकाळी रिकामा डबा आईच्या हातात दिला आणि म्हणालो, "ताई म्हणे, मस्त झाली."

हे बोललो आणि मला तुझा कप आठवला. तुझंच वाक्य होतं ते, आणि तुला तर मी बोलायची मनाई सांगून ठेवली होती.

आईने डबा उघडून आत पाहिलं. झाकण लावलं. मला विचारलं नाही, की सुनंदा कशी आहे. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच विचारलं नाही. आणि परवा ते खोकं पाहून म्हणाली, नेऊन दे तिला. ताई, ते ती सहज म्हणाली की तुझ्यासारखी मला विचारून पाहत होती? तिला कळलं असेल का? तुझीच आई आहे ती. मला सांभाळायला ती अशीच गप्प राहील, आणि एक दिवस तशीच जाईल. मग मला असंच दुसरं पत्र तिला लिहावं लागेल!

आज रविवार आहे. मी दुकानात गेलेलो नाही. चपला घालून निघालो आणि दारातून परत फिरलो. आई जागी आहे, तिला माझी चाहूल लागली आहे.

ताई, शब्द देतो. हे पत्र संपलं की मी तिच्या खाटेवर बसणार, तिचा हात हातात घेणार, आणि तुझं नाव घेऊन सरळ सांगणार, की गेली. आजारी आहे असं नाही, देवाने नेलं असंही नाही, गेली. तिने शिव्या दिल्या तर ऐकेन. मारलं तर मार खाईन. तिने पोटची लेक गमावली आहे आणि सव्वीस दिवस मी तिला रडूही दिलं नाही. आता ती रडेल तेवढा वेळ मी तिथून उठणार नाही.

तुझा खोटारडा भाऊ,
विलास