एका वाटीचे किती ग्रॅम

ती. आईस,
लेकीचा तुझ्या पायांशी नमस्कार. मी बरी आहे, पोटभर जेवते. काळजी करू नकोस.

तू म्हणालीस, दोन वेळेला एक वाटी तांदूळ पुरतो. दादाने आपली वाटी मोजून सांगितली, तिच्यात दोनशे मिलिलीटर पाणी मावतं. माझ्याकडे वाटी नाही, वजनकाटा आहे, म्हणून मी रोज दोनशे ग्रॅम तांदूळ घ्यायचे. भात हमखास उरायचा. तो समोरच्या खोलीतल्या आजींना नेऊन द्यायचे. त्या म्हणायच्या, "आलीस तशी बस जरा." दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं.

काल कामावरच्या बाई हसल्या. "अगं, तांदळाला पाण्याचं वजन कसं लागेल? दाण्यांमध्ये फटी राहतात. वाटीचे एकशे सत्तर धर."

आज तेवढेच घेतले. भात अगदी बेताचा झाला, शीतही उरलं नाही. संध्याकाळी आजींच्या दारापर्यंत गेले आणि रिकाम्या हाताने काय वाजवायचं म्हणून परत फिरले.

तुझे गुडघे कसे आहेत? दादा जेवायला वेळेवर येतो ना?

उद्या मात्र मी पुन्हा दोनशेच घेणार आहे, आई.

तुझीच,
धाकटी