घाण्यावाचून तेल

महाड, बुधवार, १२ फेब्रुवारी १९५८

शालोमचं पत्र आज पुन्हा वाचलं. माझा धाकटा भाऊ, चार वर्षांपूर्वी इस्राएलला गेला. लिहितो, आपल्या शास्त्रातल्या जखऱ्या संदेष्ट्याला दृष्टान्तात दिसलेली दोन जैतुनाची (ऑलिव्हची) झाडं म्हणजे आपण दोघे भाऊ; तेव्हा घाणा विकून इकडे ये. मला ते पटत नाही. त्या दृष्टान्तात झाडांतलं तेल थेट दिव्यात उतरतं. घाणा नाही, बैल नाही. आम्ही कोकणातले यहुदी, पिढीजात शनिवार तेली; असं तेल आमच्यात कुणी पाहिलंय?

दुपारी कापडे गावची ठकूबाई तीळ घेऊन आली. डोक्यात तेच चाललं होतं, म्हणून तिलाही सांगून टाकलं.

ती म्हणाली, "त्यात काय दादा? शनवारी तुमचा बैल सुटलेला, घाणा बंद. तरी तुमच्या घरात दिवा जळतोच हाय ना?"

तेल आदल्या दिवशीच भरलेलं असतं, असं म्हणणार होतो. पण ते काही उत्तर नव्हे. घाण्यावाचून तेल म्हणजे आपला शब्बाथच असेल का, शुक्रवार संध्याकाळपासूनचा शनिवारचा विसावा? इतकी वर्षं वाचतोय आणि मला हे सुचू नये.

शालोमला एवढंच लिहीन, घाणा विकला तर शुक्रवारी सोडायला बैल राहणार नाही.